माउस जड वाटतो तेव्हा आवाज तपासा

संगणकावर गेम खेळणाऱ्यांची एक तक्रार सांगायला सोपी आणि सोडवायला चिवट असते. ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे, फ्रेम भरपूर मिळतायत, पिंगही कमी आहे, तरी माउस ‘जड’ लागतो. नेम धरताना कर्सर क्षणभर अडतो आणि मग एकदम पुढे जातो. बटण दाबणं आणि गोळी सुटणं यांत काहीतरी फट पडलेली जाणवते. बऱ्याचदा त्या माणसाने एक निरीक्षण केलेलं असतं, पण त्याला त्याचं महत्त्व कळलेलं नसतं: हेडसेट काढला की बरं वाटतं, किंवा मित्रांशी व्हॉइस चॅट सुरू केलं की त्रास वाढतो. मग नवा माउस येतो, नवा पॅड येतो, इंटरनेटचा प्लॅन बदलला जातो. आवाजाच्या सेटिंगकडे मात्र कुणी बघत नाही, कारण हात आणि कान यांचा संबंध काय, असंच कुणालाही वाटेल.

संबंध आहे, आणि तो संगणकाच्या अगदी आतल्या पातळीवर आहे.

आधी ‘लॅग’ या एका शब्दाखाली दडलेल्या तीन तक्रारी वेगळ्या करायला हव्यात. सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत येण्याचा वेळ म्हणजे पिंग. चित्रं कमी पडणं म्हणजे फ्रेम ड्रॉप. आणि हाताने केलेली हालचाल पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ म्हणजे इनपुट लॅग. पहिल्या दोघांचे आकडे गेममध्येच एका कोपऱ्यात दिसतात. तिसऱ्याचा आकडा सहसा दिसत नाही, म्हणून त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त अंदाज बांधले जातात.

हाताची हालचाल पडद्यापर्यंत पोचते ती टप्प्याटप्प्याने. 1000 हर्ट्झचा माउस दर मिलिसेकंदाला आपली नोंद यूएसबीवरून पाठवतो. जुना साधा माउस 125 हर्ट्झचा, म्हणजे दर 8 मिलिसेकंदाला. ही नोंद विंडोज स्वीकारतं आणि गेमकडे देतं, गेम नवं दृश्य ठरवतो, ग्राफिक्स कार्ड ते रंगवतं आणि मॉनिटर दाखवतो. 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र 16.7 मिलिसेकंद टिकतं, 144 हर्ट्झवर 6.9 आणि 240 हर्ट्झवर 4.2. म्हणजे वेगवान मॉनिटर घेतलेल्या माणसाने काही मिलिसेकंदांसाठी पैसे मोजलेले असतात. तेवढा वेळ मधल्या एखाद्या टप्प्यावर वाया जात असेल, तर तो शोधणं आलंच.

आता आवाजाचं गणित. संगणकावरचा आवाज बहुधा सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या वेगाने वाजतो. विंडोजचं ध्वनियंत्र हे नमुने सर्वसाधारणपणे 10 मिलिसेकंदांच्या घासांत पुढे ढकलतं, म्हणजे एका घासात 480 नमुने. पुढचा घास वेळेवर आला नाही तर साउंड कार्डाकडे वाजवायला काही उरत नाही आणि कानाला ‘टक्’ असा आवाज किंवा खरखर ऐकू येते. चित्राचं तसं नाही. एखादी फ्रेम उशिरा आली तर आधीची फ्रेम पडद्यावर राहते आणि डोळा बहुधा ते सोडून देतो. कान सोडत नाही. म्हणूनच संगणकात कुठे काही अडलं, तर ते सर्वात आधी आवाजात उमटतं.

अडतं कुठे? प्रोसेसरचं लक्ष वेधायचं झालं की प्रत्येक उपकरण त्याला टोकतं. याला इंटरप्ट म्हणतात. माउसची नोंद आली, टोक. नेटवर्कचं पॅकेट आलं, टोक. साउंड कार्डाचा साठा संपत आला, टोक. विंडोजमध्ये हे काम दोन पायऱ्यांत होतं. पहिल्या पायरीत फक्त दखल घेतली जाते आणि उरलेलं काम ‘डीपीसी’ नावाच्या यादीत टाकलं जातं. दवाखान्यात मावशी आधी नाव लिहून घेतात आणि डॉक्टर मग क्रमाने एकेकाला बघतात, तशी ही पद्धत आहे. यातली मेख अशी की डीपीसीचं काम चालू असताना प्रोसेसरच्या त्या गाभ्यावर कुठलाही साधा प्रोग्रॅम चालू शकत नाही. गेमही नाही. एखाद्या ड्रायव्हरने आपलं काम लांबवलं, की त्याच यादीत मागे असलेली माउसची नोंद थांबते, आवाजाचा घास थांबतो आणि त्या गाभ्यावर चाललेलं गेमचं कामही थांबतं.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने याची मर्यादा सांगून ठेवली आहे: पहिली पायरी 25 मायक्रोसेकंदांत उरकावी आणि डीपीसी 100 मायक्रोसेकंदांच्या वर जाऊ नये. 100 मायक्रोसेकंद म्हणजे मिलिसेकंदाचा दहावा भाग. प्रत्यक्षात काही ड्रायव्हर एक, दोन, कधी चार मिलिसेकंद अडवून बसतात. 1000 हर्ट्झच्या माउसच्या भाषेत याचा अर्थ असा की तेवढ्या वेळातली हालचाल तुंबते आणि मग एकदम पोचते. कर्सर अडणं आणि उडी मारणं ते हेच.

म्हणजे आवाज या गोष्टीत दोन प्रकारे येतो. कधी आवाजाचाच ड्रायव्हर अडथळा असतो. कधी अडथळा तिसऱ्याच कुणाचा असतो, वायफायचा किंवा ग्राफिक्सचा, आणि आवाज फक्त तो आपल्याला ऐकवतो. दोन्ही वेळा तपासाला सुरुवात आवाजापासून करणं फायद्याचं, कारण मोजमापाच्या साधनाशिवाय मिळणारा तेवढा एकच पुरावा आपल्या हाती असतो. गेम खेळताना अधूनमधून टकटक किंवा खरखर येते, आणि त्याच क्षणी माउसही अडतो? मग दोघांचं कारण एकच असण्याची शक्यता मोठी आहे.

या ओढाताणीचा एक गाजलेला दाखला 2007 मधला आहे. विंडोज व्हिस्टा नुकतंच आलं होतं, आणि लोकांच्या लक्षात आलं की संगणकावर गाणं लावलं की नेटवर्कवरून फाइल कॉपी होण्याचा वेग धाडकन खाली येतो. गाणं थांबवलं की वेग परत. मायक्रोसॉफ्टमधले मार्क रुसिनोविच यांनी त्या ऑगस्टमध्ये याचं कारण उलगडून लिहिलं. नेटवर्कचे डीपीसी प्रोसेसर इतका अडवत होते की गाणं तुटलं असतं. ते तुटू नये म्हणून व्हिस्टाने नियम केला होता: आवाज किंवा चित्रफीत चालू असेल, तर नेटवर्कने मिलिसेकंदाला 10 च पॅकेट हाताळायची. साध्या 1500 बाइटच्या पॅकेटने हिशेब केला तर ही मर्यादा सेकंदाला सुमारे 15 मेगाबाइट होते. गिगाबिट नेटवर्कची क्षमता मात्र सेकंदाला सव्वाशेच्या आसपास. एका गाण्यासाठी नेटवर्कचा एवढा मोठा हिस्सा बंद ठेवला गेला. आवाज, नेटवर्क आणि माउस हे तीन वेगळे विभाग आहेत असं आपल्याला वाटतं. प्रोसेसरच्या दारात ते एकाच ठिकाणी उभे असतात, हे या प्रकरणातून सगळ्यांना दिसलं.

तपासाचं मुख्य हत्यार म्हणजे लेटन्सीमॉन हा छोटा प्रोग्रॅम. तो रेस्प्लेंडन्स नावाच्या कंपनीचा आहे आणि घरगुती वापरासाठी मोफत मिळतो. गंमत म्हणजे तो गेमसाठी लिहिलेलाच नाही. संगणकावर गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांना त्यांचं यंत्र खरखर न होता आवाज हाताळू शकेल की नाही, हे सांगण्यासाठी तो आहे, आणि त्याचा निकालही त्याच शब्दांत येतो. तो सुरू करा, पाठीमागे चालू ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं नेहमीसारखं खेळा. मग ‘ड्रायव्हर्स’ या पानावर जाऊन सर्वाधिक वेळ घेणाऱ्यांप्रमाणे यादी लावा. आकडे मायक्रोसेकंदात असतात. 1000 म्हणजे एक मिलिसेकंद. एखाद्या नावापुढे एकदाच मोठा आकडा दिसला तर लगेच निष्कर्ष काढू नये. तोच आकडा पुन्हा पुन्हा वर येतो का, ते पाहावं.

नावं वाचताना एक काळजी घ्यावी लागते. ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ हा एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर. ‘आरटीकेव्हीएचडी64’ हा रियलटेकचा आवाजाचा. पण ‘एचडीऑडबस’, ‘पोर्टक्लस’, ‘एनडीआयएस’ ही मायक्रोसॉफ्टची सामाईक माणसं आहेत; त्यांच्या नावावर दुसऱ्या कुणाचं तरी काम चढलेलं असतं. ‘एनडीआयएस’ वर आलं तर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बघायचा. ‘पोर्टक्लस’ किंवा ‘एचडीऑडबस’ वर आलं तर आवाजाची उपकरणं. मायक्रोसॉफ्टची फाइल दिसली म्हणून विंडोज नव्याने टाकणं म्हणजे निव्वळ दिवस घालवणं.

आवाजावर संशय ठरला की पहिलं काम गर्दी कमी करण्याचं. आजच्या गेमिंग संगणकात आवाजाची उपकरणं किती असतात हे मोजून पाहण्यासारखं आहे. मदरबोर्डवरचं रियलटेक. ग्राफिक्स कार्डातून एचडीएमआयवरून मॉनिटरला जाणारा आवाज. यूएसबी हेडसेट. वेबकॅमचा माइक. केबलने जोडलेला प्लेस्टेशनचा ड्युअलसेन्स कंट्रोलर, कारण तोही स्वतःला स्पीकर आणि माइक म्हणूनच नोंदवतो. वर एखादा आभासी मिक्सर. यांपैकी आपण वापरतो दोन. बाकीची डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ‘डिसेबल’ करावीत. हे पूर्णपणे उलटवता येतं, यात काही बिघडत नाही. शिवाय ज्या गेमांचं आवाजाचं काम नीट वेगळं ठेवलेलं नसतं, ते आवाजाचं साधन बदललं किंवा झोपेतून जागं झालं की क्षणभर थबकतात. साधनंच कमी असली की तेही टळतं.

दुसरं, सजावट काढणं. विंडोजमध्ये प्रत्येक स्पीकर-हेडफोनच्या गुणधर्मांत ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ नावाचा पर्याय असतो. तो बंद करावा. त्याखाली ‘स्पेशियल साउंड’ असतं, म्हणजे विंडोज सॉनिक किंवा डॉल्बी अॅटमॉस. गेममध्ये स्वतःचा हेडफोनसाठीचा त्रिमित आवाज असेल, तर त्यावर विंडोजचा दुसरा थर चढवला की पावलांची दिशा उलट कळेनाशी होते. नमुन्यांचा दर 48 किलोहर्ट्झ ठेवावा. 192 वर नेला की गेमचा 48 चा आवाज प्रत्येक क्षणी चौपट नमुन्यांत रूपांतरित करावा लागतो आणि ऐकणाऱ्याला त्याने काहीच मिळत नाही. माइकमागचा पंख्याचा आवाज घालवणारे प्रोग्रॅमही याच यादीत येतात. त्यांतले काही ग्राफिक्स कार्डावर चालतात, म्हणजे जे कार्ड गेमचं चित्र रंगवतंय त्याच्याच वेळातून वाटा घेतात. व्हॉइस चॅट सुरू केल्यावरच त्रास होतो असं सांगणाऱ्यांनी हे सर्वात आधी बंद करून पाहावं.

तिसरं, ड्रायव्हर बदलणं. मदरबोर्डसोबत येणाऱ्या आवाजाच्या ड्रायव्हरमागे बहुधा रंगीत पॅनेल, इक्वलायझर आणि पाठीमागे सतत चालणाऱ्या सेवा येतात. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर आधीपासून असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंड कार्डावर उजवं बटण दाबून ड्रायव्हर अपडेट, मग ‘माझ्या संगणकावरून निवडू द्या’, आणि यादीतून ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’. इक्वलायझर जातो, पुढच्या जॅकमध्ये पिन घातल्याची सूचनाही कदाचित जाते. त्या बदल्यात डीपीसीचा आकडा खाली येतो का, ते लेटन्सीमॉनवर दहा मिनिटांत कळतं. आला नाही तर जुना ड्रायव्हर परत टाकायचा. मला हा सगळ्यांत प्रामाणिक प्रयोग वाटतो, कारण त्याचा निकाल मनावर सोपवावा लागत नाही.

यूएसबीचा मामला थोडा वेगळा आणि आपल्याकडे फार नेहमीचा. पुष्कळ घरांत अर्थिंग धड नसतं, त्यामुळे कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला हेडफोन लावला की गुंईऽऽ असा आवाज येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन एक स्वस्त यूएसबी साउंड कार्ड मिळतं, त्याने तो आवाज कमी होतो. मग पोर्ट कमी पडतात म्हणून एक हब येतो, आणि त्या एकाच हबवर माउस, की-बोर्ड, साउंड कार्ड, वेबकॅम सगळं लटकतं.

इथे हिशेब पाहू. यूएसबीवर आवाजाला राखीव जागा मिळते. 48,000 नमुने, दोन बाजू, 16 बिट, म्हणजे सेकंदाला सुमारे दीड मेगाबिट. माइक आणि जास्त बिटांचा आवाज धरला की हे आणखी वाढतं. अशी स्वस्त साउंड कार्डं आणि पुष्कळसे माउस 12 मेगाबिटच्या जुन्या वेगाने बोलतात. हब जरी 480 मेगाबिटचा असला, तरी या हळू बोलणाऱ्यांसाठी त्यात एक दुभाषी सर्किट लागतं, आणि साध्या हबमध्ये ते सगळ्या पोर्टांना मिळून एकच असतं. म्हणजे सगळी हळू उपकरणं मिळून 12 मेगाबिटच वाटून घेतात. एकट्या हेडसेटने हे भरत नाही हे खरं, पण माउस, आवाज आणि माइक यांचं वेळापत्रक त्या एका सर्किटला सांभाळावं लागतं, आणि हलक्या दर्जाच्या हबमध्ये ते ढासळतं. उपायाला पैसे लागत नाहीत. माउस मागच्या बाजूला थेट मदरबोर्डच्या पोर्टात लावा, साउंड कार्ड दुसऱ्या पोर्टात, आणि हबवर पेन ड्राइव्ह, प्रिंटर ठेवा. 8000 हर्ट्झचा माउस असेल तर हे अधिकच गरजेचं, कारण तो दर 125 मायक्रोसेकंदाला प्रोसेसरला टोकत असतो. तो 1000 वर आणून पाहिला तरी पुष्कळदा आवाजाची खरखर थांबते.

वायरलेस हेडसेट असेल तर हवेतली गर्दीही तपासावी. बिनतारी माउसचा डोंगल, हेडसेटचा डोंगल, ब्लूटूथ आणि जुना वायफाय हे सगळे 2.4 गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात असतात. त्यात यूएसबी 3.0 चा वाटा बऱ्याच जणांना माहीत नसतो. 2012 मध्ये इंटेलने एक शोधपत्र काढून दाखवलं की चालू असलेल्या यूएसबी 3.0 जोडणीतून नेमक्या याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. निळ्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क आणि तिच्या शेजारी माउसचा डोंगल, अशी मांडणी असेल तर माउस अडखळू शकतो. डोंगल हातभर लांबीच्या एक्स्टेन्शन केबलने टेबलावर आणा, आणि हेडसेटचा डोंगल त्याच्यापासून दूर, दुसऱ्या बाजूला लावा.

आणि मग येतो तो प्रकार, ज्यात माउस मुळीच उशीर करत नसतो. हाताने बटण दाबलं, पडद्यावर गोळी वेळेवर सुटली, पण आवाज पाव सेकंदाने आला. मेंदू या तिन्ही गोष्टी एकत्र धरून घटना कधी घडली ते ठरवतो, आणि आवाज मागे पडला की सगळी क्रियाच सुस्त वाटते. साधा ब्लूटूथ हेडफोन 100 ते 200 मिलिसेकंद, कधी त्याहून अधिक उशीर करतो. 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर 200 मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ 29 फ्रेम. आवाजाला माणूस चित्रापेक्षा लवकर प्रतिसाद देतो, म्हणून चांगले खेळाडू पावलांच्या चाहुलीवर वळतात. तीच चाहूल उशिरा पोचली, तर जगातला सर्वात वेगवान माउसही तो वेळ भरून देऊ शकत नाही. ब्लूटूथवर माइक चालू केला तर आणखी वाईट: जुन्या पद्धतीत हेडसेट फोन-कॉलच्या रीतीवर जातो आणि आवाज 8 किंवा 16 किलोहर्ट्झच्या एकेरी दर्जावर घसरतो, दिशाही कळेनाशी होते. स्पर्धेसाठी खेळणाऱ्याने ब्लूटूथ वापरू नये, इतकं स्पष्ट मी म्हणेन. तारेचा साधा हेडफोन घ्या, किंवा स्वतःचा डोंगल असलेला 2.4 गिगाहर्ट्झचा हेडसेट.

विंडोजचा स्वतःचा वाटा यात आता फारसा उरलेला नाही. विंडोज 10 पूर्वी ध्वनियंत्राचा उशीर सुमारे 6 ते 12 मिलिसेकंद असे. मायक्रोसॉफ्टने तो 1.3 पर्यंत खाली आणला. म्हणून त्याआधीच्या काळात लिहिलेले उपाय आज जसेच्या तसे लागू करण्यात अर्थ नाही. ‘एका क्लिकमध्ये लॅग घालवा’ म्हणणाऱ्या स्क्रिप्टपासून तर चार हात दूरच राहावं. त्या रजिस्ट्रीत डझनावारी नोंदी बदलतात, आवाजाच्या सेवांचा प्राधान्यक्रम फिरवतात, आणि काय बदललं ते सांगत नाहीत. नंतर बिघाड झाला तर मूळ कारण शोधणं जवळपास अशक्य होतं.

आवाजाच्या बदलांनी जे सुटत नाही तेही ओळखावं. आवाज स्वच्छ आहे, लेटन्सीमॉनचे आकडे खाली आहेत, आणि तरी माउस सतत, एकसारखा सुस्त लागतो. अडखळत नाही, फक्त मागे राहतो. तर दोष चित्राच्या बाजूला आहे. डायरेक्टएक्स मुळात तीन फ्रेमपर्यंत रांग लावू देतं. 60 हर्ट्झवर व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या ठेक्याशी जुळवणारं सेटिंग, चालू असेल तर ती रांग एकटीच 50 मिलिसेकंदांची होऊ शकते. एनव्हिडियाने 2020 मध्ये आणलेलं रिफ्लेक्स ही रांगच छाटतं. टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा गेम मोड चालू आहे का, ते बघा. अडखळणारा लॅग आणि एकसारखा लॅग, हा फरक ओळखता आला की अर्धा तपास तिथेच संपतो.

एका वेळी एकच बदल करा, बदलाच्या आधीचा आणि नंतरचा आकडा कागदावर लिहा, आणि फरक पडला नाही तर बदल मागे घ्या. सुरुवातीला मात्र एकदा सगळं एकत्र करून पाहा: ब्लूटूथ बंद करा, माउस थेट मदरबोर्डला जोडा, तारेचा हेडफोन लावा, आवाजाच्या सगळ्या सजावटी काढा आणि एक पूर्ण सामना खेळा. त्यातही माउस तितकाच जड लागला, तर आवाजाचा पिच्छा सोडून व्ही-सिंक आणि मॉनिटरच्या सेटिंगकडे वळा.